कवचधारी कॅटफिश, टाकीचा तळ आणि नाहीसे झालेले निऑन: एका प्रतिक्रियेला उत्तर

आपण वेळ काढून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. मोठ्या सामुदायिक टाकीत, म्हणजे अनेक जातींचे मासे एकत्र असलेल्या टाकीत, शांत स्वभावाचे कवचधारी कॅटफिश (अंगावर हाडांच्या पट्टांचे कवच असलेले, तळाशी राहणारे मिशाळ मासे) जरूर पाळावेत, असे मी लेखात सुचवले होते. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत. हे मासे तळाशी पडून असतात, तेव्हा त्यांच्यासाठी मोठ्या टाकीचा आग्रह अनाठायी आहे, हा पहिला. ते इतरांचे उरलेसुरले खाऊन टाकी स्वच्छ ठेवतात, म्हणून त्यांना वेगळे खाणे घालणे म्हणजे पाणी खराब करणे, हा दुसरा. आणि आपल्या पट्टेदार टॉकिंग कॅटफिशने एकेक करून सगळे निऑन टेट्रा (चमकदार रंगाचे चिमुकले मासे) फस्त केले, त्यामुळे या माशांना शांत म्हणणे ही नवशिक्यांची दिशाभूल आहे, हा तिसरा. सोबत आपण टाकीचे वर्णनही दिले आहे: दोन फूट लांब, दीड फूट रुंद, तीन फूट उंच, तळाला रंगीत खडी, आणि त्यात टॉकिंग कॅटफिशबरोबर पेपर्ड, ब्रॉन्झ व स्टर्बाय या तीन जातींचे दोन-दोन कोरीडोरास (लहान कवचधारी कॅटफिश), जे दिवसभर फिल्टरच्या मागे दडून असतात. हे वर्णन दिलेत ते फार बरे झाले, कारण तिन्ही आक्षेपांची उत्तरे मला त्यातच दिसतात.

आधी टाकीबद्दल. आपली टाकी सेंटीमीटरमध्ये साधारण ६० बाय ४५ बाय ९० भरते, म्हणजे काठोकाठ सुमारे २४३ लिटर. पाण्याच्या हिशोबाने ती लहान नाहीच. परंतु हेच पाणी १२० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच अशा टाकीत असते, तर तळाचे क्षेत्रफळ २,७०० चौरस सेंटीमीटरवरून थेट ५,४०० वर गेले असते. जो मासा खाणे, विसावणे, लपणे आणि जोडीदार शोधणे हे सारे तळावरच करतो, त्याच्या दृष्टीने आपली टाकी तिच्या निम्मीच आहे. मोठ्या टाकीचा माझा आग्रह लिटरांसाठी नव्हता, या जमिनीसाठी होता. लांब आणि बुटकी टाकी दिवाणखान्यात उंच टाकीइतकी उठून दिसत नाही, हे मला मान्य आहे. पण तळाच्या माशांसाठी टाकी घ्यायची तर निवड तिचीच करावी.

उंचीचा आणखी एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. कोरीडोरास आणि त्यांचे कॅलिक्थिइडी कुळातले भाऊबंद कल्ल्यांनी श्वास घेतातच, शिवाय अधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट गिळतात. त्यातला ऑक्सिजन आतड्याच्या मागच्या भागात, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पातळ अस्तरातून शोषला जातो आणि उरलेली हवा गुदद्वारावाटे बाहेर पडते. निसर्गात ही फेरी धोक्याची असते, कारण मासा काही क्षण उघड्यावर येतो. म्हणूनच कळपातला एक वर निघाला की बाकीचेही त्याच्या पाठोपाठ झेपावतात. पाणी ४० सेंटीमीटर खोल असताना ही फेरी सोपी असते. ९० सेंटीमीटर खोलीत प्रत्येक फेरीला लागणारी शक्ती आणि उघड्यावर जाणारा वेळ, दोन्ही दुपटीहून अधिक होतात. त्यात पाणी जितके गरम तितका त्यात विरघळणारा ऑक्सिजन कमी: २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना ७.६ च्या आसपास. उन्हाळ्यात आपले कोरीडोरास वारंवार वर जाताना दिसले, तर तो खेळ समजू नये. एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावावा, पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवावा आणि झाकणाखाली तीन-चार सेंटीमीटर हवेची जागा मोकळी सोडावी.

हे मासे तळाशी नुसते पडून असतात, हे आपले निरीक्षण आपल्या टाकीपुरते खरे आहे, पण तो त्यांचा स्वभाव नव्हे. निर्धास्त असलेला कोरीडोरासचा कळप दिवसाउजेडी तळभर हिंडत असतो. एकाच जातीचे सहा किंवा अधिक मासे एकत्र असले, की मगच हा निर्धास्तपणा येतो. तीन जातींचे दोन-दोन मासे मोजायला सहा भरतात, पण तो कळप होत नाही. शिवाय आपल्या तीन जातींना एकच तापमान मानवणारे नाही. पेपर्ड कोरीडोरास दक्षिण अमेरिकेच्या तुलनेने थंड, दक्षिणेकडच्या पाण्यातला आहे. चार्ल्स डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत जमवलेल्या नमुन्यांवरून लेनर्ड जेनिन्स यांनी १८४२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याला १८ ते २३ अंश पाणी सुखाचे वाटते. स्टर्बाय मात्र २४ ते २८ अंशांत खुलतो, म्हणूनच डिस्कससारख्या गरम पाण्यातल्या माशांबरोबर तो ठेवला जातो. आपला हिटर कोणत्याही तापमानावर लावला तरी दोघांपैकी एकाची गैरसोय होणारच. (२०२४ मध्ये या वंशाची फेरमांडणी होऊन अनेक जातींची शास्त्रीय नावे बदलली आहेत. व्यवहारात अजून जुनीच नावे चालतात, म्हणून मीही कोरीडोरास हेच नाव वापरतो.)

आता त्या रंगीत खडीविषयी. बारीक वाळूवर कोरीडोरास खाताना एकदा काचेला डोळा लावून पाहावे. मासा तोंड डोळ्यांपर्यंत वाळूत खुपसतो, घासभर वाळू आत घेतो, खाण्याजोगा कण तोंडात ठेवतो आणि बाकीची वाळू कल्ल्यांच्या झाकणांखालून दोन्ही बाजूंना झिरपत बाहेर येते. हे त्याचे दिवसभराचे काम आहे. खडीवर हे करता येत नाही. त्याच्या आखूड मिशा दगडांच्या फटीत चाचपडतात, आणि त्याच फटींत अडकलेले अन्न कुजून जिवाणू वाढलेले असतात. मिशा झिजण्याचा सगळा दोष अणकुचीदार खडीला दिला जातो. माझ्या मते अस्वच्छ तळाचा वाटा त्यात निदान तेवढाच आहे. गोलसर कणांची बारीक वाळू तीन-चार सेंटीमीटर जाडीची पुरते. पाणी बदलताना नळी तिच्या वर धरली की घाण सहज ओढली जाते.

दुसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण या समजुतीपायी अनेक मासे उपाशी मरतात. कोणताही कॅटफिश दुसऱ्या माशांची विष्ठा खाऊन जगत नाही. तो टाकीत आला की टाकीतली घाण वाढते, कारण त्याची स्वतःची विष्ठा तिच्यात जमा होते. वरच्या थरातले चपळ मासे भुकेले असतील, तर फ्लेक्समधले तळापर्यंत पोहोचते ते नावापुरतेच, आणि ते रात्री हिंडणाऱ्या माशाच्या वाट्याला येईपर्यंत भिजून त्याचा लगदा झालेला असतो.

आणि यात कवच आपल्याला फसवते. खवल्यांचा मासा रोडावला तर त्याची पाठ आणि कुशी पाहून ते कळते. कोरीडोरासच्या दोन्ही बाजूंना अस्थिपट्टांच्या दोन-दोन रांगा असतात, आणि मासा उपाशी असला तरी हे पट्ट आपला आकार सोडत नाहीत. बाजूने पाहणाऱ्याला तो धडधाकटच दिसतो. पोट मात्र उघडे असते. म्हणून मासा काचेला टेकून बसलेला असताना खालून किंवा समोरून त्याचे पोट पाहावे. ते किंचित फुगीर असले तर ठीक. सपाट किंवा आत गेलेले असले, तर त्याची उपासमार बरेच दिवस चालू आहे असे समजावे. यावर उपाय अवघड नाही. दिवे मालवल्यावर बुडणारे पेलेट किंवा वेफर घालावेत, आठवड्यातून एक-दोनदा गोठवलेले ब्लडवर्म (पाण्यातल्या लाल अळ्या) द्यावेत, आणि सकाळी काही उरलेले दिसले तर काढून टाकून दुसऱ्या रात्री प्रमाण कमी करावे. पाणी बिघडते ते न खाल्लेल्या अन्नामुळे. अमोनिया आणि नायट्राइट ही घाणीतून पाण्यात तयार होणारी विषारी द्रव्ये शून्यावर असली आणि आठवड्याला पाव ते तृतीयांश पाणी बदलले जात असले, तर एवढ्या अन्नाने काहीही बिघडत नाही. ब्रिसलनोज प्लेकोसारख्या शेवाळ खरवडणाऱ्या माशाला शेवाळ पुरत नाही. त्याला काकडीची चकती, हिरवा पाला आणि टाकीत लाकडाचा ओंडका लागतो.

राहिला प्रश्न निऑन टेट्रांचा. आपले मासे गेले याचे मला वाईट वाटते, आणि ते टॉकिंग कॅटफिशनेच खाल्ले असणार याबद्दल मला शंका नाही. हा मासा पूर्ण वाढल्यावर सुमारे २० सेंटीमीटरचा होतो, निऑन जेमतेम तीन सेंटीमीटरचा असतो आणि रात्री जवळजवळ निश्चल राहतो. टॉकिंग कॅटफिश कोणाचा पाठलाग करत नाही, कोणाचे पर कुरतडत नाही, जागेवरून इतरांना हुसकावत नाही. उलट, त्याची पिल्ले ट्राहिरा या शिकारी माशाचे अंग टिपून साफ करतात, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. पण अंधारात मिशांना जे लागते आणि तोंडात मावते, ते तो गिळतो. आपल्या टाकीत रात्री त्याच्यासाठी दुसरे काही खायला नव्हतेच. तरीही पेलेट घालत राहिलात तर निऑन वाचतील, असे मी म्हणणार नाही. तोंडात मावणारा मासा त्याच्यासोबत कधीच सुरक्षित नसतो. म्हणून लेखात मी कॉंगो टेट्रा, मोठे रेनबोफिश, सेवेरम असे अंगापिंडाने भरलेले सोबती सुचवले होते. निऑन हवेच असतील, तर तळाला कोरीडोरास ठेवावेत. ते कोणत्याही निरोगी माशाच्या वाटेला जात नाहीत.

शांतपणाला आणखी एक मर्यादा आहे आणि ती आपल्या प्रतिक्रियेत आलेली नाही. कोरीडोरासच्याच कुळातला, साधारण १५ सेंटीमीटरपर्यंत वाढणारा होप्लो वर्षभर अत्यंत सालस असतो. मात्र नर तरंगत्या पानाखाली फेसाचे घरटे बांधून अंडी राखू लागला, की त्याचा नूर पालटतो आणि त्या कोपऱ्यात येणाऱ्या प्रत्येक माशावर तो धावून जातो. चार फुटांच्या टाकीत इतरांना दूर राहायला जागा मिळते. दोन फुटांच्या तळावर ती नसते.

आता आपण काय करावे, याविषयी. कोरीडोरासच्या तीन जातींपैकी आपल्या पाण्याच्या तापमानाला साजेशी एक ठेवावी आणि तिची संख्या सहा-आठपर्यंत न्यावी. बाकीचे चार त्यांच्या जातीचा कळप ज्याच्याकडे आहे अशा कोणाला द्यावेत. खडी काढून वाळू घालावी, पण सगळी एकदम बदलू नये; तिच्यावरचे उपयुक्त जिवाणू एका झटक्यात गेले तर अमोनिया चढतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने बदलावी. टॉकिंग कॅटफिश पंधरा वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतो, तेव्हा त्याच्यासाठी मोठ्या सोबत्यांची, लांब तळाची टाकी शोधून द्यावी. ती आपण स्वतःच घेतलीत, तर मला विशेष आनंद होईल.

त्याला बाहेर काढताना जाळी मुळीच वापरू नका. घाबरला की तो पाठीचा आणि छातीचे काटे ताठ उभारून जागीच अडकवतो. काट्यांना उलटे दाते असतात, ते जाळीत गुंतले की ओढण्याने मासा जखमी होतो आणि शेवटी जाळीच कापावी लागते. त्याच्या मापाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा आठवडाभर तळावर ठेवावा. तो दिवसा त्यात जाऊन बसू लागला, की पाइपची दोन्ही तोंडे तळहातांनी झाकून पाइपसकट उचलावा. पाइपमधून तो निघाला नाही तर ओढू नये. पाइप झाकणाच्या बादलीत आडवा ठेवून दिवा मालवावा, तो आपण होऊन बाहेर येतो. प्लास्टिकच्या पिशवीत त्याला नेऊ नये, कारण काट्याने पिशवी फाटते. आणि हाताळावे लागलेच, तर छातीचा काटा आणि अंग यांच्या मधल्या फटीत बोट जाऊ देऊ नये. तो काटा मिटतो तेव्हा बोट दोन्हीकडच्या दात्यांत सापडते आणि जखम चांगली खोल होते.