स्टॉम्पिन टॉमच्या गाण्यांत झेंडा आहे कुठे?

कॅनडाचा कंट्री (ग्रामीण बाजाचं संगीत) आणि लोकगायक स्टॉम्पिन टॉम कॉनर्स (१९३६–२०१३) याच्याबद्दल एक मत सर्रास फिरत असतं. हा नुसता झेंडा नाचवणारा. गावांची नावं ओळीनं म्हणायची, अमेरिकेवर राग काढायचा आणि तालासाठी लाकडी फळीवर बूट आपटायचा, एवढीच याची कला. हे मत मला साफ चुकीचं वाटतं. गाणी न ऐकताच ते पुढे रेटलं जातं, याचा रागही येतो.

आधी झेंड्याचं बघू. ‘बड द स्पड’ हे गाणं आहे प्रिन्स एडवर्ड आयलंडचे बटाटे ट्रकमध्ये भरून ओंटारियोचा महामार्ग तुडवणाऱ्या ड्रायव्हरचं. ‘टिल्सनबर्ग’ आहे तंबाखूच्या मळ्यात पाठ मोडेस्तोवर राबणाऱ्या मजुराचं. ‘सडबरी सॅटरडे नाइट’ निकेलच्या खाणीत काम करणाऱ्यांचं: शनिवारची रात्र, बायका बिंगोला गेलेल्या, पुरुष दारूत बुडालेले, आणि इन्को या खाण कंपनीची आठवणही आज कुणाला नको. टॉम तेराव्या वर्षी घर सोडून निघाला, पुढची कितीतरी वर्षं मिळेल त्या गाडीला हात दाखवत देशभर फिरला, हाताला लागेल ते काम करत राहिला. ही गावांची नावं नकाशातून उचललेली नाहीत.

आणि त्याची शोकगीतं? १७ जून १९५८ रोजी व्हँकुव्हरमध्ये बांधकाम चालू असलेला सेकंड नॅरोज पूल कोसळला, ७९ कामगार खाली गेले. त्यातले १८ दगावले, पुढे मृतदेह शोधताना एक पाणबुड्याही गेला. टॉमच्या गाण्यात हे १९ जण आहेत. ‘रीसर क्रॉसिंग ट्रॅजेडी’ ऐकणं त्याहून जड जातं. फेब्रुवारी १९६३ मध्ये उत्तर ओंटारियोत लाकूडतोड्यांच्या संपात गोळ्या चालल्या आणि तीन संपकरी मेले. गोळ्या झाडणारे त्याच भागातले शेतकरी होते, कागद कंपनीला लाकूड विकणारे. पोवाडे ऐकत वाढलेल्या कानाला घडलेल्या घटनेवरचं गाणं नवं नाही. पण कॅनडाच्या माणसांनी कॅनडाच्याच माणसांवर गोळ्या झाडल्या, हे गाण्यात बांधून लोकांपुढे म्हणणाऱ्याला झेंडा नाचवणारा कसं म्हणायचं?

बर्फावरच्या हॉकीचं ‘द हॉकी साँग’ तर आज कॅनडाचं दुसरं राष्ट्रगीतच मानलं जातं. त्यात कॅनडाचं नावसुद्धा नाही. खेळाचे तीन भाग, त्यांची तीन कडवी, आणि मध्ये सगळ्यांनी मिळून म्हणायचं धृपद, बस्स. १९७३ मध्ये ते आलं तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. १९९२ मध्ये ऑटावा सेनेटर्स या हॉकी संघाच्या सामन्यांत ते वाजू लागलं आणि तिथून पुढे सगळीकडे गेलं. त्याला लोकांनी वर काढलं.

राहिला अमेरिकेचा राग. टॉम ज्या बाजात गायला, तो कंट्री संगीताचा बाजच मुळात अमेरिकेच्या दक्षिणेतला. त्याची दैवतं हँक स्नो आणि विल्फ कार्टर हे गायक. दोघेही कॅनडाच्याच नोव्हा स्कोशिया प्रांतातले, दोघांनीही अमेरिकेत नाव काढलं. स्नो तर नॅशव्हिलमध्येच स्थायिक झाला. पण तेवढ्यावरून टॉमनं त्यांना कधी कमी लेखलं नाही. १९७८ मध्ये त्यानं आपले सहाही जुनो पुरस्कार (कॅनडाचे संगीत पुरस्कार) परत केले, ते पुरस्कार देणाऱ्या कॅनडातल्याच मंडळींशी भांडून. जे देशात राहून गातात त्यांना डावलून बाहेर गेलेल्यांना हे पुरस्कार का, असा त्याचा सवाल होता. त्यापायी तो जवळजवळ दहा वर्षं लोकांसमोरून दूर राहिला. ऐन भरात असलेल्या गायकाला हे किती महाग पडतं, ते वेगळं सांगायला नको. आणि तो केवळ आपल्यापुरतं बोलत नव्हता. १९७१ मध्ये त्यानं सहकाऱ्याबरोबर काढलेल्या बूट रेकॉर्ड्सनं शास्त्रीय गिटार वाजवणाऱ्या लिओना बॉइडची पहिली रेकॉर्ड काढली, कॅनेडियन ब्रास या वाद्यवृंदाच्या सुरुवातीच्या रेकॉर्डही. बटाट्यांवर गाणी रचणारा माणूस हा!

एक गोष्ट मान्य करते. ‘बिलीव्ह इन युवर कंट्री’सारखी त्याची काही गाणी उपदेशाच्या अंगानं जातात, आणि ती मलाही आवडत नाहीत. पण टीकाकार तीच दोन-तीन पुढे करतात आणि पूल, खाण, तंबाखूचा मळा या गाण्यांबद्दल चकार शब्द काढत नाहीत.