अंतराळयानाचे परतणे म्हणजे नुसते खाली पडणे नव्हे

‘यान वर नेणेच काय ते अवघड, खाली आणायचे काम गुरुत्वाकर्षण करते, घर्षणाने यान थोडे तापते, शेवटी पॅराशूट उघडते, मग त्यात पाहण्यासारखे काय?’ असा मजकूर बहुतेक प्रत्येक परतीच्या वेळी समाजमाध्यमांवर फिरतो.

गुरुत्वाकर्षण कक्षेतही असतेच. ४०० किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के भरते, तरी यान खाली येत नाही, कारण ते ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने आडवे धावत असते. इंजिन उलट दिशेने चालवून त्यातला जेमतेम सेकंदाला शंभर मीटर इतका वेग कमी केला, की मार्ग वातावरणात शिरतो. उरलेला जवळजवळ सगळा वेग हवेतच जिरवावा लागतो. पॅराशूट उघडते ते त्यानंतर. शिरण्याचा कोन फार तीव्र झाला तर उष्णता आणि झटका यानाला पेलवत नाहीत, आणि चंद्राकडून येणारे यान फार उथळ कोनात शिरले तर पुन्हा वातावरणाबाहेर फेकले जाऊ शकते.

उष्णतेचे मुख्य कारणही घर्षण नाही. पुढच्या हवेला बाजूला सरकायला वेळच मिळत नाही, ती दाबली जाऊन भयंकर तापते. म्हणून यान अणकुचीदार नव्हे, तर बोथट हवे, हे ज्युलियन ॲलन आणि आल्फ्रेड एगर्स या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले: बोथट तोंडापुढे आघाततरंग, म्हणजे दाबलेल्या तप्त हवेची लाट, दूर राहतो आणि बहुतेक उष्णता हवेबरोबरच निघून जाते. मला ही या साऱ्या शास्त्रातली सर्वांत सुंदर कल्पना वाटते. आणि ‘थोडे तापते’ म्हणणाऱ्यांनी १ फेब्रुवारी २००३ आठवावा. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा आदळून ‘कोलंबिया’ या अमेरिकी अंतराळयानाच्या डाव्या पंखाच्या कडेला भोक पडले होते; परतताना तप्त वायू तिथून आत शिरले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले.

राहिला पाहण्याचा प्रश्न. जून २०१०मध्ये जपानचे ‘हायाबुसा’ ऑस्ट्रेलियावर परतले, तेव्हा मूळ यान आकाशात तुकडे तुकडे होऊन जळाले, आणि जेमतेम ४० सेंटिमीटर व्यासाची त्याची नमुने आणणारी कुपी त्या ठिणग्यांच्या पुढे, वेगळा ठिपका होऊन, शाबूत निघाली. इटोकावा लघुग्रहाचे तिच्यातले सूक्ष्म कण तपासल्यावर पृथ्वीवर सर्वाधिक पडणाऱ्या अशनींचे मूळ अशाच लघुग्रहांत असल्याचा थेट पुरावा मिळाला.