‘साबणाचे स्तोम’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. हात धुण्यावरच्या माझ्या लेखाने साबणाचे स्तोम माजवले आहे, जंतूंशी गाठ पडल्याखेरीज प्रतिकारशक्ती वाढत नाही आणि खिशात सॅनिटायझर असताना २० सेकंद पाणी सांडण्यात काही हशील नाही, असे आपण लिहिले आहे. पाण्याचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे चूक माझीच आहे. ते २० सेकंद हात चोळण्याचे आहेत. तेवढा वेळ नळ बंद ठेवावा, हे लिहायचे राहून गेले.

प्रतिकारशक्तीबाबत मात्र आपले म्हणणे मला पटत नाही. त्वचेवर कायम वस्तीला असलेले बहुतेक निरुपद्रवी जंतू हात धुतल्यावरही बऱ्याच अंशी टिकून राहतात. निघतात ते मुख्यतः बाहेरून नुकतेच चिकटलेले, आणि मैल्यातून हातावाटे तोंडात जाणारे अतिसाराचे जंतू याच दुसऱ्या गटातले. त्यांतल्या नोरोव्हायरसची लागण एकदा होऊन गेलेल्यालाही पुन्हा होते, म्हणजे ही शिदोरी जन्मभर पुरणारी नव्हे. शिवाय याच विषाणूपुढे अल्कोहोलचे सॅनिटायझर तोकडे पडते. साबणही त्याला मारतो असे नाही, पण चोळण्याने तो त्वचेपासून सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो.

दिवसभर हात धुत बसावे, असे मी कुठेही म्हटलेले नाही. कोणत्या दोन कामांच्या मध्ये हात धुतले, याला महत्त्व आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात शवविच्छेदन आटोपून डॉक्टर आणि विद्यार्थी थेट बाळंतिणींना तपासायला जात. तिथलेच डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी मध्ये क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुणे सक्तीचे केले, आणि एप्रिलमध्ये सुमारे १८ टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण उन्हाळ्यात २ टक्क्यांच्या आसपास आले. जंतूंमुळे रोग होतात हा सिद्धान्त तोवर रुजलेलाही नव्हता.

आपली प्रतिक्रिया वाचून मी स्वतःचेच हात धुणे घड्याळ लावून पाहिले. सातव्या सेकंदाला माझे हात पाण्याखाली गेले होते. तळवे फेसाने भरलेले, पण उजवा अंगठा आणि नखांची टोके जवळजवळ कोरडी. (उपदेश करणाऱ्याची ही गत!)

स्तोमाचा आपला आक्षेप ‘जंतुनाशक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या साबणांपुरता मला मान्य आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ घटक घरगुती वापराच्या अशा साबणांतून बाद ठरवले, कारण ते साध्या साबण-पाण्यापेक्षा सरस असल्याचे उत्पादकांना दाखवता आले नव्हते. ही बाब आणि नळाचे वाक्य, दोन्ही आज लेखात घातले आहे.