सगोत्र

आमच्या हॉलच्या कोपऱ्यात पूर्वी इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं असायचं. ते तिथे सुखात होतं, आम्हीही होतो. पण जावेच्या नव्या फ्लॅटमध्ये छताला टेकलेलं एक झाड पाहिलं आणि ते गाठोडं माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं.

पुढच्याच रविवारी सोलापूर रस्त्यावरची एक नर्सरी गाठली. सोबत सासूबाई. नर्सरीवाल्याने आधी नागीण दाखवली. "हिला सासूची जीभ पण म्हणतात, मॅडम." मी जमिनीकडे बघितलं. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "पाणी किती लागतं हिला?"

"पंधरा दिवसांतून एकदा."

"मग नाव चुकलंय. मला दिवसातून तीनदा चहा लागतो."

नागीण राहिली. घरी आलं फिडल लीफ फिग. अठराशे रुपये, कुंडीचे साडेसातशे वेगळे. व्हायोलिनच्या आकाराची चौदा पानं. (हे मोजून ठेवलंय, पुढे लागणार आहे.)

हवा शुद्ध होईल, असं मी नवऱ्याला पटवलं होतं. नासाने १९८९ साली तसं सिद्ध केलंय, म्हटलं. त्याने रात्री बसून वाचून काढलं. तो प्रयोग बंद पेटीत केलेला होता. खऱ्या घरात फरक पडायला दर चौरस मीटरला निदान दहा झाडं लागतात, असं २०१९ साली संशोधकांनी मांडलंय. आमचा हॉल पंधरा चौरस मीटरचा. "म्हणजे दीडशे कुंड्या," तो म्हणाला, "आणि आपण गॅलरीत."

आठवड्यात पहिलं पान गळलं. उजेड कमी पडतोय म्हणून बाईंना खिडकीत नेलं, तर पानांवर तपकिरी चट्टे. परत कोपऱ्यात, तर आणखी दोन पानं खाली. ह्या झाडाला जागा बदललेली खपत नाही म्हणे. आमच्या सासूबाईंनी चाळीस वर्षांत अकरा घरं बदलली, एक केस पिकला नाही. मग पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं. पिठ्या ढेकूण! स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा बुडवून मी एकेक पान पुसत बसले. पोरांचे कान इतक्या मायेने कधी पुसले नाहीत.

शिवाय पाहुणे. आलेला प्रत्येक माणूस "अय्या, खरं आहे?" म्हणत पानात नख रुतवून खात्री करतो. प्लास्टिकचं असतं तर त्याला कुणी हात लावला नसता.

उरली सात. माती तपासायला बोट दोन पेरं आत खुपसलं, तर चिखल! आणि पाणी मी आठवड्यातून एकदाच घालत होते. घरात चौकशी बसवली. सासूबाई सकाळी पूजेचं पाणी घालत होत्या, "तुळशीला घातलं की हिला पण घोटभर." नवरा रात्री बाटलीत उरलेलं ओतत होता. कामाच्या मावशी दुपारी, "सुकलेलं बघवत नाही ओ ताई." मुळं कुजून गेली होती. बाईंना आम्ही सगळ्यांनी मिळून मायेने बुडवलं.

ह्याच सुमारास सोसायटीची नोटीस आली. आमच्या बाथरूमबाहेरच्या डक्टमध्ये, सांडपाण्याच्या पाइपाच्या जोडावर पिंपळ उगवलाय, काढून घ्यावा. वाकून पाहिलं. माती नाही, ऊन नाही, वरून तीन मजल्यांचं साबणाचं पाणी. आणि पठ्ठ्या कमरेइतका! पानं अशी तुकतुकीत, की कुणी रोज पुसतंय. वाचून बघितलं तर पिंपळ, वड, उंबर आणि आमच्या बाई सगळे एकाच फायकस जातकुळीतले. सगोत्र! ही पश्चिम आफ्रिकेच्या जंगलातली, इतकाच काय तो फरक.

प्लंबर म्हणाला, "पिंपळाला मी हात लावणार नाही. त्यात आज शनिवार." शेवटी त्याने पाइप धरला, पिंपळ मी ओढला. मुळांसकट अख्खा हातात आला. फेकवेना. साडेसातशेची कुंडी तोवर रिकामी झालेलीच होती. चांगली माती, गांडूळखत, खिडकीजवळची जागा, सगळं दिलं. पाण्याला कुणी हात लावायचा नाही, अशी घरात ताकीद दिली.

चौथ्या दिवशी सकाळी फरशीवर एक पिवळं पान.

सासूबाईंनी ते उचललं, पदराला पुसलं आणि माझ्या हिशेबाच्या वहीत ठेवलं.

"जाळी छान पडेल," म्हणाल्या.