एअरपोर्टवर घ्यायला येऊ नकोस, म्हटलं

सोसायटीच्या ग्रुपवर काल एकाने विचारलं, "मुलीकडे फ्रँकफर्टला चाललोय, एअरपोर्टवरून टॅक्सी इथूनच बुक करून ठेवू का?" धडाधड अंगठे पडले. मी एकट्याने ‘ट्रेनने जा’ लिहिलं, तर "काका, तुम्हाला रेल्वेचं व्यसन आहे" असं उत्तर आलं. आहेच. एकवीस वर्षं नाशिकरोड-मुंबई अप-डाऊन केलंय, पंचवटीच्या पासवाल्यांच्या डब्यात. म्हणून इथे जरा सविस्तर.

मागच्या वर्षी आम्ही दोघं मुलाकडे फ्रँकफर्टलाच गेलो. तो म्हणाला, "बाबा, बाहेर येऊन थांबा, मी येतो घ्यायला." त्याच्याकडे गाडी नाही. म्हणजे ऑफिस बुडवून हा ट्रेनने येणार आणि आम्हाला ट्रेननेच घेऊन जाणार. म्हटलं, येऊ नकोस.

फ्रँकफर्टला स्टेशन टर्मिनल 1 च्या पोटातच आहे, 1972 पासून. बॅगा घेऊन खाली उतरलं की झालं. लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन वेगळं, 1999 चं, तिकडे वळायचं नाही. गावात जायला एस-बान, म्हणजे तिथली लोकल: एस 8 किंवा एस 9, मुख्य स्टेशन पंधरा मिनिटांच्या आत. तिकीट मशीनवर, भाषा इंग्रजी करता येते. माणशी सहा-सात युरो. घरचे चार-पाच जण असाल तर पाच जणांपर्यंतचं दिवसभराचं ग्रुप तिकीट घ्या.

मला खरा घाम फुटला तो तिकीट काढल्यावर. फाटक नाही, तिकीट तपासायचं मशीन नाही, टीसी नाही. तिकीट हातात धरून मी दाखवायला माणूस शोधतोय! फुकट्यांना सोडतात असं नाही हं, मधेच तपासनीस चढतो आणि 60 युरो दंड घेतो. पण आधी तुमच्यावर विश्वास, मग तपासणी. आपल्याकडे उलट.

गाडी आली, थांबली, दार उघडेना. मागून एका मुलीने हात घालून बटण दाबलं. आत समोर रात्रपाळी करून सुटलेला एक माणूस, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, काचेला डोकं टेकवून गाढ झोपलेला. अगदी आपला कसाऱ्यानंतरचा डबा! मी लगेच घरच्यासारखा बसलो. एवढ्यात ही म्हणाली, "अहो, हे केल्स्टरबाख आलं. मुलाने सांगितलेल्या यादीत हे नाव नाही."

जन्मभर अप-डाऊन केलेला माणूस डाऊनच्या, गावाच्या उलट वीसबाडेनकडे जाणाऱ्या गाडीत चढला होता. तिथे गाडीचा नंबर दोन्ही दिशांना तोच असतो, हे डोक्यातच आलं नाही. उतरलो, पलीकडच्या फलाटावरून परत. थोडा उशीर झाला, आणि हिने तो अजून पुरवून पुरवून वापरलाय.

पण माझं म्हणणं पैशांपुरतं नाही. कोणी घ्यायला आलं की आपण सामान होतो. दारात उतरवून ठेवलं की मग तीन महिने तिथेच. कितीतरी आईवडील बघतो, मुलं कामावर गेली की खिडकीशी बसून शनिवारची वाट बघतात. पहिल्या दिवशी चुकून, विचारून, बटण दाबून गावात पोचलेला माणूस असा बसत नाही. इथे द्वारका चौक एकटीने ओलांडायला कुरकुरणारी आमची ही चौथ्या दिवशी एकटी एस-बानने क्लाइनमार्कटहालेत गेली. मंडई आहे ती, छताखालची. कोथिंबीर घेऊन आली आणि भावावरून तणतणत बसली, तेव्हा मला कळलं की हिचं गाव झालं.

गुडघे बोलत असतील, मध्यरात्री उतरत असाल, तर टॅक्सी करा, कोण नको म्हणतंय? आम्हीही परतताना मुंबईहून गाडीच केली. रात्री दीडला मेट्रो कुठली? दिवसा उतरलात तर आता मुंबई विमानतळाच्या टी 2 खालूनच मेट्रो आहे, थेट दादरला आणि तिथून नाशिकची ट्रेन. आपल्या नाशिकच्या विमानतळाला, ओझरला मात्र ट्रेनही नाही आणि मेट्रोही नाही. नाशिकच्या ‘मेट्रो निओ’च्या घोषणेलाच 2021 च्या बजेटमध्ये टाळ्या वाजवून झाल्यात.

तेव्हा ग्रुपवाल्या भाऊ, टॅक्सी राहू द्या. डब्यावरची पाटी तेवढी वाचा. ‘वीसबाडेन’ लिहिलं असेल तर चढू नका.