नेट जाईल म्हणाले, गेला डिस्प्ले

काल रात्रीपासून समोर जे उघडं पडलंय तो माझाच लॅपटॉप आहे, हे मानायला मन तयार नाही. वॉलपेपरवरचा मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ बसक्या रांजणासारखा दिसतोय. आयकॉन एकेक पावाच्या उंड्याएवढा. रिझोल्यूशन 1024 बाय 768 वर अडकलंय, बदलायला जावं तर तो रकानाच करडा, कितीही दाबा, ढिम्म. ब्राइटनेसची पट्टी तर गायबच. रात्री एक वाजता तोंडावर पेट्रोमॅक्स धरून बसल्यासारखं वाटत होतं.

गुन्हा काय माझा? व्हर्च्युअल मशीन टाकलं, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. कशासाठी? जत्रेच्या नाटकाच्या हँडबिलासाठी. कमिटीचं एकच पालुपद, "मागच्या सारखंच कर, फक्त तारीख बदल." मागचं म्हणजे 2009 चं. ते ज्या मराठी फाँटात आहे तो फाँट फक्त एका सॉफ्टवेअरला कळतो, आणि ते सॉफ्टवेअर फक्त जुन्या विंडोज एक्सपीवर चालतं. त्या एक्सपीला 2014 च्या एप्रिलमध्येच कायमचा रामराम झालाय. नव्या मशीनवर फाइल उघडली की 'श्री देवाच्या कृपेने'च्या जागी डॉलर, टक्के आणि उलटे कंस. सगळ्या मशीनवर चालणारा युनिकोड वापरा म्हणून दहा वर्षं कानीकपाळी ओरडतोय. उत्तर काय? "त्यात ते वळणदार अक्षर येत नाही रे!" घ्या वळण.

व्हर्च्युअल मशीन इन्स्टॉल करताना त्याने अदबीने विचारलं, नेटवर्क थोडा वेळ तुटेल, चालेल का? मला हसू आलं. आमच्या वाड्यावर नेट तुटतं ते काय विचारून? शेजारच्या माडाची झावळी पडली तरी तुटतं. डिस्प्लेबद्दल मात्र चकार शब्द नाही. रीस्टार्ट कर म्हणालं, केलं. आणि उगवलं हे बुटकं जग.

मग सगळे उपाय. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबून पाहिलं. टुक् असा आवाज आला, बाकी काही नाही. सॉफ्टवेअर काढलं, रीस्टार्ट. परत टाकलं, रीस्टार्ट. हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं बासरी ऐकली, मग एक बाई म्हणाल्या, "सर, स्क्रीन बदलावी लागेल." न बघता! याच लोकांनी मागे कीबोर्डात मुंगी शिरली तेव्हा मदरबोर्ड बदला म्हणून सांगितलं होतं. आणि हल्ली प्रत्येक गोष्टीला 'सर' म्हणतात त्याचाही मला राग आहे, तो वेगळा.

सकाळी पाववाल्या पोदेराच्या पाठोपाठ भाचा आला. डिव्हाइस मॅनेजर उघडला. ग्राफिक्स कार्डाच्या जागी 'बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर'. "हें कितें केलें रे मामा?"

मग उलटतपासणी. अपडेट कधीपासून पुढे ढकलत होतास? तीन आठवडे. म्हणजे रीस्टार्टला तेच सुरू झालं? हो, टक्के मोजत होतं. मग? मग वीज गेली. आभाळात ढग नाही, वाऱ्याची झुळूक नाही, पण गेली. आणि बॅटरी? बॅटरी... दोन वर्षांपूर्वीच मेलीय. चार्जर लावला की चालतं ना, उगाच खर्च कशाला म्हणून बदलली नव्हती. म्हणजे डिस्प्ले चालवणारा जुना ड्रायव्हर निघाला होता आणि नवा बसायच्या आत अंधार. बिचारं व्हर्च्युअल मशीन, त्याला मी रात्रभर आईबहिणीवरून ऐकवलं होतं. बायको आतून म्हणाली, "मला वाटलं फोनवर कमिटीशी बोलताय."

पोराने मोबाइलच्या नेटवर कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवला, बसवला. दहा मिनिटं. दीपस्तंभ सरळ उभा राहिला. मी निमूटपणे चहा आणि गरम उंडे पुढे केले.

दुपारी एक्सपी चढवलं. तो हिरवा डोंगर, निळं आभाळ, अगदी गलबलून आलं. फाँटवालं सॉफ्टवेअर टाकलं, उघडलं. खिडकी आली: डाँगल लावा. म्हणजे मागे खोचायची, सॉफ्टवेअर उघडणारी किल्ली.

डाँगल आहे हो! कपाटात, कापराच्या डबीत जपून ठेवलाय. पंचवीस पिनांचा, जुन्या प्रिंटरच्या पोर्टात बसणारा. या लॅपटॉपला ते भोक दाखवा कुणीतरी.

कमिटीचा आत्ताच फोन येऊन गेला. प्रमुख पाहुणेही बदललेत.