सरळ स्वभावाचे हेलिकॉप्टर

रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टर हवेत एका जागी धरून ठेवणे म्हणजे परातीतली गोटी घरंगळू न देता जिना चढण्यासारखे आहे, आणि माझी गोटी नेहमी पहिल्याच पायरीवर घरंगळत असे. जर्मनीच्या डीटर श्लूटर यांनी 1970च्या सुमारास असली हेलिकॉप्टरे इलेक्ट्रॉनिक जायरोच्या, म्हणजे वळण ओळखून सावरणाऱ्या उपकरणाच्या, आधाराशिवाय उडवून दाखवली, हे वाचल्यापासून तर मला स्वतःच्या अंगठ्यांची लाज वाटू लागली. शेवटी रिमोटवरची स्टिक सोडताच हेलिकॉप्टर आपोआप सरळ करणारा, काडेपेटीएवढा कंट्रोलर मी विकत आणला.

या कंट्रोलरला ‘सरळ’ म्हणजे काय, हे आधी दाखवून द्यावे लागते. त्यातल्या जायरोला आपण किती वेगाने कलंडतो आहोत एवढेच कळते. जमीन कोणत्या बाजूला आहे हे ॲक्सेलरोमीटर सांगतो, आणि पात्यांची थरथर वाढली की तोही गोंधळतो. मी हेलिकॉप्टर गॅलरीत ठेवून पातळी नोंदवली. पाणी वाहून जावे म्हणून गवंड्याने फरशीला दिलेला ढाळ कंट्रोलरने इमानेइतबारे पाठ केला. मग कॅरमबोर्डाखाली जुन्या लग्नपत्रिका सारत, पाणसळेतला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत मी अर्धी दुपार घालवली. “अहो, पत्रिका संपल्या असतील तर आहेराची पाकिटे देऊ का?” असे सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून विचारले.

त्यानंतर मोटरच्या वायरी काढून हेलिकॉप्टर हाताने उजवीकडे कलवले. अशा वेळी स्वॅशप्लेटने, म्हणजे पात्यांचा कल ठरवणाऱ्या चकतीने, डावीकडे झुकून विरोध करायला हवा; माझी स्वॅशप्लेट उत्साहाने उजवीकडेच झुकली, म्हणजे पडणाऱ्याला सावरण्याऐवजी ढकलण्याची व्यवस्था मी सेटिंगमध्ये स्वहस्ते करून ठेवली होती. ती चूक घरातच सापडली, हे या प्रकरणातले माझे एकमेव यश.

खऱ्या चाचणीसाठी आम्ही दौंडकडच्या मेहुण्याच्या वावरात गेलो. हेलिकॉप्टरच्या पायांना आडव्या-उभ्या काड्या बांधून टोकांना पिंगपाँगचे चार चेंडू लावले होते, त्यामुळे 325 मिलिमीटरची पाती मिरवणारे ते यंत्र पाळण्यावरच्या खेळण्यासारखे दिसत होते. हेलिकॉप्टर डोक्याएवढ्या उंचीवर नेऊन उजव्या स्टिकवरचे बोट उचलायचे आणि मेहुण्याने दहापर्यंत मोजायचे, असे ठरले.

बोट उचलले आणि चमत्कार झाला. हेलिकॉप्टर जराही कलंडले नाही. पाणसळेतल्या बुडबुड्याला लाजवील अशा समतोलाने ते संथपणे डावीकडे निघाले. पात्यांच्या फिरण्यामुळे धड उलट दिशेला गरगरू नये म्हणून शेपटीचा पंखा आडवा जोर लावतो आणि तो जोर संपूर्ण हेलिकॉप्टरला बाजूला ढकलतो. म्हणून कसलेला चालक ते किंचित उजवीकडे कलते ठेवतो. मी मात्र अर्धी दुपार खर्चून ते तंतोतंत सरळ केले होते. त्यात वारा त्याच दिशेचा. आणि कंट्रोलरला कल कळतो, जागा कळत नाही.

“सहा... सात... दाजी, ऊस!... आठ,” मेहुण्याने मोजणी सोडली नाही, आणि त्याच्या निष्ठेपुढे मलाही बोट टेकवणे कमीपणाचे वाटले. नवाला हेलिकॉप्टर शिस्तीत, आडव्या रेषेत, उसात शिरले. कडब्यावर कोयते चालावेत तसा खडखडाट झाला, तेव्हा मी मोटर बंद केली.

आत पाचटावर ते कुशीवर पडले होते. एक पाते मोडले होते, दोन चेंडू बेपत्ता होते, आणि स्वॅशप्लेट पूर्ण एका बाजूला ताणून तिला हलवणाऱ्या छोट्या मोटरी, म्हणजे सर्व्हो, अजून कुंईकुंई करत होत्या. त्या अवस्थेतही हेलिकॉप्टर सरळ होण्याचा प्रयत्न करत होते. मी बॅटरी काढली. मेहुण्याने कापल्या गेलेल्या पाच उसांचे शेंडे हातात घेऊन न्याहाळले आणि गंभीरपणे म्हणाला, “दाजी, कारखान्याची तोड अजून पंधरा दिवसांनी आहे.”